वृद्धि आणि वृद्धत्व

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत गेल्या वर्षीं मोठाच पेंच उत्पन्न झाला. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलीचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं, तेव्हां तिच्या मातोश्रींनीं आपलें एक मूत्रपिंड तिला दिलें. तें अंगीं लागावें म्हणून डॉक्टरांनीं जीं औषधें दिलीं, त्यांत सिरोलिमस नांवाची एक गोळी होती. इकडे आजोबांनीं कोठेंसें वाचलें कीं, याच औषधानें उंदरांचें आयुष्य वाढतें. झालें! 'नातीच्या डबींतील एक गोळी रोज आम्हांसही द्या,' असा त्यांचा हट्ट सुरू झाला, आणि निवाड्यासाठीं सारे आमच्या दारीं आले. आम्ही पडलों संस्कृताचे शिक्षक. तरी जाणत्यांस विचारून व ग्रंथ चाळून जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या औषधाचें मूळ नांव रॅपामायसिन. प्रशांत महासागरांतील ईस्टर बेटास तेथील लोक रापा नुई म्हणतात. त्यावरूनच हें नांव पडलें. १९६४ सालीं कॅनडांतून एक वैद्यकीय मंडळी त्या बेटावर गेली व तेथील मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून माँट्रियल येथील आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांचे सहकारी यांनीं हें द्रव्य वेगळें केलें. हे सेहगल काशी हिंदु विश्वविद्यालयाचे विद्यार्थी. पुढें कंपनीनें ती प्रयोगशाळा बंद केली, तेव्हां त्यांनीं तो जंतु स्वतःच्या घरच्या शीतकपाटांत जपून ठेविला. त्यांच्या चिकाटीचें फळ म्हणजे १९९९ सालीं मूत्रपिंडरोपणाच्या रोग्यांसाठीं या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली.

पण हें औषध शरीरांत कोठें व कसें लागू पडतें? याचा उलगडा स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं १९९१ सालीं झाला. हाइटमन, मोव्वा व हॉल या तिघांनीं पाव फुगविणाऱ्या यीस्टवर प्रयोग करून, ज्या प्रथिनावर हें औषध आघात करितें त्याचीं दोन जनुकें शोधून काढिलीं. 'रॅपामायसिनाचें लक्ष्य' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन त्यांस 'टॉर' म्हणूं लागले. जर्मन भाषेंत याच शब्दाचा अर्थ वेस असाही होतो. १९९४ सालीं सस्तन प्राण्यांच्या पेशींतही असेंच प्रथिन आढळलें. तेंच एमटॉर.

एमटॉर हा पेशीरूपी घरचा कारभारी समजावा. कोठींत धान्य किती, बाहेरून निरोप काय आला, हें पाहून तो खर्चाचा हात सैल अथवा आंखडता करितो. अन्नांतील प्रथिनांचे घटक, विशेषतः ल्युसिन, पुरेसे आले, इन्शुलिनचा निरोप पोंचला व शक्तीचा सांठा भरपूर असला, म्हणजे तो नवीं प्रथिनें रचण्याची आज्ञा देतो. पेशी वाढते व पुढें दुभंगते. तूट पडली कीं बांधकाम थांबतें, आणि पेशी आपल्याच आंतील जुनें, मोडकें सामान मोडून त्यांतून उपयोगाचें तेवढें काढून घेते. या स्वभक्षणाच्या क्रियेच्या शोधाबद्दल जपानचे ओसुमी यांस २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां कारभारी उधळ्या झाला तर काय होतें, तें पहा. त्यास आवरणारीं दोन जनुकें आहेत. त्यांतील एक जरी बिघडलें, तरी ट्यूबरस स्क्लेरोसिस नांवाचा विकार होतो. मेंदू, मूत्रपिंडें, त्वचा यांत गांठी येतात व कित्येक बालकांस झटके येतात. रॅपामायसिनाचें भावंड जें एव्हरोलिमस, त्यास अशा मेंदूंतील एका प्रकारच्या गांठीवर २०१० सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. मूत्रपिंडाच्या कर्करोगावरही तें वापरितात. आमच्या त्या मुलीच्या शरीरांत तर खुद्द आईचें मूत्रपिंडही परकें ठरतें! त्यावर चालून जाणाऱ्या रक्षक पेशींची संख्या वाढूं नये, म्हणून तिला ही गोळी.

येथें आम्हांस आमचा धातुपाठ आठवला. 'वृध्' या एकाच धातूपासून 'वृद्धि' शब्द होतो आणि 'वृद्ध' शब्दही होतो. जो वाढला तो वृद्ध! बालपणीं जी वाढीची आज्ञा अमृतासारखी, तीच उतारवयांत अखंड चालू राहिली तर झिजेस कारण होत असावी, असें कित्येक शास्त्रज्ञांस वाटतें. २००९ सालीं अमेरिकेंतील तीन प्रयोगशाळांनीं ६०० दिवसांच्या म्हाताऱ्या उंदरांस अन्नांतून रॅपामायसिन दिलें. शंभरांतील नव्वद उंदीर ज्या वयापर्यंत मरतात, तें वय माद्यांत १४ व नरांत ९ टक्क्यांनीं पुढें गेलें. आजोबांनीं वाचलें तें खोटें नव्हे.

परंतु निरोगी मनुष्य या गोळीनें दीर्घायुषी होतो, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. उलट तोंड येणें, रक्तांतील चरबी वाढणें, जखमा उशिरां भरणें, रोगजंतूंचा शिरकाव होणें हे अपाय ठाऊक आहेत. कारभाऱ्याचे हात सर्वकाळ बांधून घर चालत नाहीं. कापलेलें बोट भरून येण्यासही वाढच लागते. उपवासानें एमटॉर मंदावतो हें खरें. पण साबुदाणा, शेंगदाणे व दूध यांनीं भरलेली एकादशी या कारभाऱ्यास फसवूं शकत नाहीं.

आम्ही आजोबांस एवढेंच म्हटलें, "आबासाहेब, आपणांस ही गोळी हौस आहे, नातीस ती जीवन आहे. डबींतील एक गोळी कमी झाली, तर सूनबाईंनीं दिलेलें मूत्रपिंड जावयाचें."

आबासाहेब बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. हल्लीं मात्र रोज सकाळीं घड्याळाकडे पाहून नातीच्या हातावर गोळी ठेवण्याचें काम त्यांनींच पत्करलें आहे.