शिमगा ते मृग : गोधडी शिवण्याचा हंगाम

होळी पेटून शिमग्याचा सण पार पडला की उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील गावांत एका वेगळ्या कामाच्या हंगामाला आरंभ होतो. भाताची कापणी आणि झोडणी केव्हाच आटोपलेली असते. ऊन दिवसेंदिवस कडक होत जाते आणि मृग नक्षत्र, म्हणजे ७ जूनच्या सुमारास अपेक्षित असलेला पाऊस, अद्याप अडीच-तीन महिने दूर असतो. या अवधीत पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करून ठेवावी लागते. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी आणि कोळी कुटुंबे या बेगमीला ‘आगोट’ असे म्हणतात. मसाला कुटणे, बोंबील, जवळा व सोडे सुकवून डब्यात भरणे, लाकूडफाटा आडोशाला रचणे ही आगोटीची परिचित कामे होत. अंथरूण-पांघरुणाची व्यवस्था हेही त्यांपैकीच एक काम. एकदा पाऊस लागला म्हणजे जाड कापड आठ-आठ दिवस वाळत नाही. म्हणून जुन्या गोधड्या धुणे, उसवलेल्या सांधणे आणि नव्या शिवणे ही कामे चैत्र-वैशाखाच्या उन्हातच उरकावी लागतात.

न्हावा-शेवा हे नाव आज देशभर परिचित आहे ते बंदरामुळे. परंतु न्हावा आणि शेवा ही मुळात खाडीकाठच्या दोन गावांची नावे आहेत. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर या परिसराचे जीवन उभे होते. अशा परिसरात गोधडीसारख्या घरगुती कलेचे स्थान काय होते, तिचे आज काय होत आहे आणि ती टिकवावयाची तर कोणती पावले उचलावी लागतील, याचा विचार ग्रामपंचायती, शिक्षक आणि विकासकार्यात गुंतलेले अधिकारी यांनी करणे अगत्याचे आहे.

गोधडीची रचना

जुन्या सुती कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने एकत्र शिवले की गोधडी तयार होते. हिलाच महाराष्ट्राच्या काही भागांत वाकळ असे म्हणतात. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द याच प्रकारच्या वस्त्राचा वाचक आहे. अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणून ओळखत. जे वस्त्र गरिबीची खूण मानले जाई, तेच त्यांनी आयुष्यभर अंगावर वागविले.

गोधडीची ऊब कापडाच्या जाडीपेक्षा दोन थरांमध्ये अडकून राहणाऱ्या हवेमुळे अधिक येते. ही हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. थर घसरू नयेत आणि हवेच्या या पोकळ्या सर्वत्र सारख्या राहाव्यात, हे टाक्यांचे काम. टाका फार ताणला तर थर दबून गोधडी चपटी होते. फार सैल ठेवला तर आतील चिंध्या एका बाजूस गोळा होतात. कापूस भरलेली दुलई कालांतराने पिंजाऱ्याकडे न्यावी लागते. गोधडीला त्याची गरज पडत नाही. ती विरली की तिच्यावरच नवा थर चढवून पुन्हा शिवतात.

जुनेच कापड का वापरावयाचे, यालाही कारण आहे. वारंवार धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते आणि ते आटावयाचे तेवढे आटलेले असते. त्यामुळे शिवल्यानंतर ते सुरकुतत नाही, सुई सहज पार जाते आणि अंगाला मऊ लागते. तान्ह्या बाळाचे दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे असावे, हा जो घरोघरीचा आग्रह असे त्यात माया होती, तसा व्यवहारही होता.

कापड आणि शिवण्याची रीत

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर भरते. वापरात त्याचा मधला भाग आधी झिजतो. पदर आणि काठ दीर्घकाळ टिकतात. जाणती स्त्री लुगडे उजेडासमोर धरून विरलेला भाग वेगळा काढते. धड भाग गोधडीच्या वरच्या व खालच्या पृष्ठासाठी, विरलेला भाग पोटात भरण्यासाठी आणि काठ चारही बाजूंच्या पट्टीसाठी, अशी वाटणी होते. गुढीपाडव्याला किंवा लग्नसराईत घरात नवे कापड आले की जुने बोचक्यात जमा होते. गोधडीचा हंगाम आणि नव्या वस्त्रांचा हंगाम असे एकमेकांना लागूनच येतात.

शिवण्यासाठी सपाट आणि मोकळी जागा लागते. सारवलेले अंगण किंवा प्रशस्त ओटी या कामी उत्तम. प्रथम खालचे कापड ताणून पसरतात आणि कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर पोटातील तुकडे असे मांडतात की कोठे उंचवटा किंवा खळगा राहू नये. वरचे कापड अंथरले की लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर तात्पुरते बांधून घेतात. नंतर कडेपासून पक्क्या धावदोऱ्याला आरंभ होतो. चौकटीच्या आत चौकट अशी शिवण मध्याकडे सरकत जाते, किंवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओळी घालतात. दोन-तीन स्त्रिया वेगवेगळ्या बाजूंनी बसल्या तर काम लवकर पुढे सरकते. प्रत्येकीच्या हाताचा टाका निराळा असतो आणि जाणकार नजरेला तो तयार गोधडीवरही ओळखू येतो.

टाक्यांचा हिशेब

या कामाला घरातील इतर कामांप्रमाणेच आजवर कोणी मोल लावले नाही. म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी मध्यम आकाराची गोधडी घ्यावी. शिवणीच्या दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर ठेवले तर सुमारे ७५ ओळी होतात. प्रत्येक ओळ २ मीटरची, म्हणजे एकूण शिवण १५० मीटर. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तर १५,००० टाके. एका टाक्याला ४ सेकंद लागतात असे मानल्यास केवळ टाके घालण्यास १६ तासांहून अधिक वेळ लागतो. कापड धुणे, निवडणे, बेतणे, मांडणे, काठ लावणे आणि सुईत दोरा ओवणे हे यात धरलेले नाही. तेही धरले तर एका गोधडीमागे एका स्त्रीचे किमान तीन पूर्ण दिवस खर्ची पडतात.

टाके दाट घातले तर हा आकडा झपाट्याने वाढतो. ओळींमधील अंतर २ ऐवजी १ सेंटिमीटर केले तर शिवण दुप्पट होते. बाजारात दोन गोधड्यांच्या किमतींत मोठी तफावत दिसते ती बहुधा या दाटपणामुळे. विकत घेणाऱ्याला हे माहीत नसते आणि विकणारीला ते सांगण्याची सवय नसते. परिणामी तीन दिवसांचे श्रम एका दिवसाच्या मजुरीइतक्या किमतीला जातात.

बदललेला परिसर

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे धोरण अमलात आले. योग्य मोबदल्याच्या मागणीसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उभारलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेमागे या लढ्याची पार्श्वभूमी आहे. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आज ते देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूने हा परिसर थेट मुंबईतील शिवडीशी जोडला गेला.

या परिवर्तनाची चर्चा जमीन, मोबदला आणि नोकऱ्या यांच्या अंगाने पुष्कळ झाली. घरातील स्त्रीच्या वर्षभराच्या कामाचे वेळापत्रकही त्याबरोबर बदलले, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले. भातशेती गेली म्हणजे शिमगा ते मृग हा कामांच्या मधला काळ वेगळा उरत नाही. अंगण आणि ओटी असलेल्या घराच्या जागी इमारत उभी राहिली की दोन मीटरचे कापड पसरावयास जागा मिळत नाही. बंदरासाठी शेवा कोळीवाडा हलवावा लागला आणि तेथील कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा येथे वसविण्यात आले. या वसाहतीला वाळवीचा उपद्रव झाला आणि फेरपुनर्वसनाची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. वाळवी लाकडाप्रमाणे सुती कापडालाही लागते. पेटीत जपून ठेवलेल्या लुगड्यांचे आणि गोधड्यांचे अशा घरात काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

कापडही बदलले. सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. हे कापड स्वस्त, टिकाऊ आणि लवकर वाळणारे असल्याने कष्टकरी स्त्रीला ते सोयीचे वाटले, यात नवल नाही. परंतु गोधडीसाठी ते गैरसोयीचे ठरते. ते घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि विस्तवाजवळ धोका संभवतो. अशा रीतीने सुती कापड, मोकळे अंगण आणि मोसमी सवड या तिन्ही गोष्टी एकाच पिढीत दुर्मिळ झाल्या. सुईचे कसब मात्र वयस्क स्त्रियांच्या हातात अद्याप शिल्लक आहे.

इतरत्र काय घडले

जुन्या साड्यांचे थर शिवण्याची कला महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. बंगालमधील कांथा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजातील स्त्रियांची कवंदी ही तिचीच भावंडे होत. नक्षीदार कांथ्याला आज देशात व परदेशांत मागणी आहे.

दूरचे एक उदाहरण विशेष बोलके आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे खेडे आहे. जुन्या कामाच्या कपड्यांपासून रजया शिवणे हा तेथील स्त्रियांचा परिपाठ होता. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६२ मध्ये, तालुक्याच्या गावी नेणारी त्यांची होडी बंद करण्यात आली. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९६६ मध्ये त्या परिसरातील स्त्रियांनी सहकारी संस्था स्थापून रजया मोठ्या शहरांतील दुकानांना पुरविल्या. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत या रजयांचे प्रदर्शन भरले. सहकारी संस्था पुढे २०१२ मध्ये बंद झाली, हेही ध्यानात ठेवावयास हवे. शहरातील कौतुक आणि कायमची मिळकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातील बोध आहे.

काय करता येण्यासारखे आहे

गोधडीने प्रकल्पग्रस्त कुटुंबाचा उदरनिर्वाह होईल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. जमिनीचा आणि हक्काच्या नोकरीचा प्रश्न सुईदोऱ्याने सुटणारा नाही. तथापि पूरक उत्पन्न, शेजारणींचा सहवास आणि हातातील कसबाचा मान या तीन गोष्टी त्यातून निश्चित साधतात.

ग्रामपंचायतींना या बाबतीत फारसा खर्च न करता बरेच काही करता येईल. समाजमंदिर किंवा शाळेचे सभागृह मार्च ते मे या महिन्यांत दुपारच्या वेळी गोधडीच्या कामासाठी खुले ठेवले तर हरवलेल्या अंगणाची उणीव काही अंशी भरून निघेल. गावातील जुने सुती कापड एकत्र जमवून, गरम पाण्याने धुऊन आणि कडक उन्हात वाळवून त्याचा साठा करण्याचे काम एखादा बचतगट सहज अंगावर घेऊ शकेल.

१९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून कार्यरत असलेले ‘उमेद’ अभियान यांच्यामार्फत बचतगटांना प्रशिक्षण व बाजारपेठ यांसाठी साहाय्य मिळते. केंद्र शासनाच्या २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आणि मासेमारीची जाळी विणणे यांचा समावेश आहे. गोधडीकामाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. अशा वेळी अर्जदार स्त्रीला योग्य योजना दाखवून देणे हे ग्रामसेवक व विस्तार अधिकाऱ्यांचे काम ठरते. प्रत्येक गोधडीला आकार, थरांची संख्या, ओळींमधील अंतर आणि लागलेले दिवस यांची चिठ्ठी जोडली तर किंमत मागणे सोपे जाईल.

शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला लहान दुपट्याचा किंवा आसनाचा उपक्रम घेता येईल. दीड मीटर रुंदीत किती ओळी बसतील, एका लुगड्यातून किती तुकडे निघतील, त्रिकोणी ठिगळांचा चौरस कसा जुळवावा, हे प्रश्न गणिताचेच आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीकडून टाक्यांची आणि कापडांची स्थानिक नावे विचारून वहीत नोंदविली, तर कोठेही न छापलेला शब्दसंग्रह गावाच्या हाती राहील. मुलांनाही, केवळ मुलींना नव्हे, हे काम शिकवावे. जाळी सांधणाऱ्या कोळी पुरुषांच्या मुलांना सुई परकी नाही.

न्हावा-शेवा येथून देशोदेशींच्या मालाचे कंटेनर रात्रंदिवस ये-जा करतात आणि कापड, तयार कपडेही त्यांतून जातात. त्याच परिसरातील एखाद्या घरात जुन्या लुगड्यांचे बोचके अजून बांधलेले असेल आणि ते शिवू शकणारी स्त्री सत्तरीच्या पुढे गेलेली असेल. तिच्याजवळ बसून शिकण्यास पाऊस येण्यापूर्वीचे दोन-तीन महिने पुरेसे आहेत. गावोगावच्या पंचायतींनी आणि शाळांनी येत्या शिमग्यापासूनच या कामाला हात घालावा, हे इष्ट होईल.