शिदोरीचेच ओझे

सिंगापूरहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाणारे विमान सुमारे 15,300 किलोमीटरचा पल्ला 18 ते 19 तासांत गाठते. या कामगिरीचे कौतुक व्हायलाच हवे, पण तिची खरी किंमत तिकिटावर दिसत नाही. या मार्गासाठी घडवलेल्या एअरबस ए-350 विमानात 1,65,000 लिटर, म्हणजे साधारण 130 टन इंधन मावते आणि उड्डाणाच्या वेळी विमानाचे एकूण वजन 280 टनांच्या वर जाऊ देत नाहीत. आसने फक्त 161. माणशी सामानासकट 100 किलो धरले तरी प्रवाशांचा भार 16 टनांच्या आसपास भरतो. टाक्या काठोकाठ भरल्या, तर माणसांच्या आठपट वजनाचे इंधन सोबत निघते! पायी निघालेल्याची शिदोरी दुप्पट वाटेसाठी दुपटीहून जड होते, कारण ती वाहण्यासाठीही जास्त खावे लागते, तसेच हे. जडपणामुळे विमान सुरुवातीला 40,000 फुटांवर जाऊच शकत नाही. तिथली विरळ हवा तेवढे वजन पेलत नाही. ते खालच्या, दाट हवेतून जाते आणि इंधन जळून हलके होईल तसतसे टप्प्याटप्प्याने वर चढते. पहिल्या तासात जळालेल्या इंधनाचा काही भाग सतराव्या तासाचे इंधन वाहण्यातच खर्ची पडलेला असतो.

मग वाटेत उतरून इंधन भरावे, हा उपाय सुचतो. त्यावरचा आक्षेप रास्त आहे. फ्रँकफर्टमार्गे गेल्यास साधारण 1,100 किलोमीटरचा वळसा पडतो, दुसऱ्या उड्डाणाला पुन्हा जोर लावावा लागतो, चाके आणि इंजिने जास्त झिजतात. वाचलेल्या इंधनाचा बराचसा भाग यातच जातो, हे मान्य. पण थांब्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. पोटात कमी इंधन असले की तेवढ्याच विमानात माणसे आणि माल जास्त मावतो. ए-350च्या नेहमीच्या मांडणीत 300हून अधिक प्रवासी बसू शकतात; इथे इकॉनॉमी वर्गच नाही आणि मालाचा पुढचा कप्पाही बंद ठेवलेला आहे. धातूचे तेच धूड कमी माणसांत वाटले गेले, की प्रत्येकाच्या वाट्याचे इंधन वाढणारच.

नवी इंजिने हा प्रश्न सोडवतील, असेही म्हटले जाते. काही अंशी ते खरे आहे. याच मार्गावरची चार इंजिनांच्या ए-340ची सेवा 2013मध्ये बंद पडली आणि 2018मध्ये ती दोन इंजिनांच्या विमानाने परत आली. मात्र झालेल्या बचतीवर पुन्हा आणखी दूरचा पल्ला बेतला जातो. सिडनी-लंडन थेट सेवेसाठीच्या ए-350-1000 विमानात 20,000 लिटरची जादा टाकी बसवली आहे, आणि आसने ठेवली आहेत 238.