वादळातले घर : 'सुहैली'

सुहैल हे नाव आपल्या घराघरांत आढळते. दक्षिण आकाशातल्या एका ठळक ताऱ्याचे हे अरबी नाव. मराठीत त्यालाच अगस्ती म्हणतात. अरब खलाशी त्यावरून दिशा ओळखत. आखातात आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्यालाही ते 'सुहैली' म्हणत, आणि मुंबईत बांधलेल्या एका छोट्या शिडाच्या नौकेला हेच नाव मिळाले.

तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण इंग्रज अधिकारी. कोकणातले आपले कितीतरी बुजुर्ग अशाच कंपन्यांच्या जहाजांवर राबले आहेत. नौका सागवानी, लांबी अवघी 32 फूट. आमच्या शाळेतले वर्ग याहून फार लहान नाहीत! 14 जून 1968 रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून तो एकटाच निघाला. कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता पृथ्वीला वळसा घालण्याची ही शर्यत होती. नऊ जण उतरले होते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आफ्रिकेच्या दक्षिणेस पहिले मोठे तुफान आले. रात्री तो झोपलेला असताना लाटेने नौका पार आडवी केली. डबे, अवजारे, कपडे सगळे त्याच्या अंगावर कोसळले. नौका पुन्हा सरळ झाली. पण आत पाणी शिरले होते आणि केबिन जिथे डेकला जोडली होती तिथे चहूबाजूंनी भेगा दिसत होत्या. आणखी एक तशी लाट केबिनच उचलून नेणार, आणि मग डेकला केवढे भगदाड! त्याने पंपाने पाणी उपसले आणि हाताशी होते त्या बोल्ट-स्क्रूंनी केबिन आवळली. टाक्यांतले पिण्याचे पाणीही खराब झाल्याचे लक्षात आले. तेव्हापासून शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवायचे, हाच आधार.

अशात बॅटऱ्या तपासताना ॲसिड डोळ्यात उडाले. डरबन बंदर गाठता आले असते, उपचार मिळाले असते. मात्र शर्यत तिथेच संपली असती. डोळा गेला तरी चालेल, असे ठरवून तो पुढे निघाला. आम्हाला हा निर्णय काही पटत नाही, आणि विद्यार्थ्यांना तर आम्ही तसे मुळीच सांगणार नाही. सुदैवाने डोळा बरा झाला.

आम्हाला विशेष वाटते ते त्याच्या रोजच्या कामाचे. लाटा मागून चढून येऊ लागल्या की तो शेकडो फूट लांब जाड दोर नौकेच्या मागे पाण्यात सोडी. त्या ओढीने वेग मंदावे आणि नौका लाटेला आडवी होत नसे. मग ओल्या कपड्यांतच थोडी झोप, हलत्या स्टोव्हवर काहीतरी गरम, फाटलेली शिडे शिवणे, पुन्हा पंप. एकदा एवढी मोठी लाट आली की तो डोलकाठीच्या दोरांवर चढला. काही क्षण समुद्रावर फक्त दोन डोलकाठ्या आणि तो, एवढेच दिसत होते.

ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. आता शिडे अशी बांधायची की नौका स्वतःच वाट धरील. नाहीतर तासन्‌तास सुकाणूवर बसायचे. रेडिओही बंद पडला होता. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडजवळ तो दिसला. त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ काहीच खबर नव्हती. त्याच्या आईवडिलांचे ते दिवस कसे गेले असतील, हे समुद्रावर माणूस पाठवलेल्या घरांना सांगायला नको.

17 जानेवारी 1969 रोजी त्याने केप हॉर्न ओलांडले आणि 22 एप्रिलला तो फाल्मथला परतला. शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच. बक्षिसाचे 5000 पौंड त्याने याच शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. बंदरात शिरताना जकात अधिकारी नौकेवर चढले आणि रिवाजाप्रमाणे विचारले, कुठून आलात? त्याने सांगितले, फाल्मथहून.