रमाबाईंचा अक्षय ठेवा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या ख्रिस्तनिष्ठेचा विचार करताना आनंद आणि दुःख या परस्परविरोधी कोटी मानता येत नाहीत. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्या आईवडील व बहीण यांना पारख्या झाल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यामुळे दुःख संपले असे नाही. १८९६-९७च्या दुष्काळात जबलपूरसह मध्य प्रांताचे अनेक जिल्हे होरपळले, तेव्हा त्या प्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली व विधवा यांना आश्रय दिला. पूर्वी स्वतः अन्नावाचून भटकलेल्या स्त्रीला त्यांची भूक सांगावी लागली नाही. केडगावचे मुक्तिसदन या कार्यातूनच विस्तारले.

१९०७च्या आत्मनिवेदनात त्यांनी आपल्या श्रद्धेला अक्षय ठेवा म्हटले. ठेवा सामान्यतः जपून ठेवावयाचा असतो. हा मात्र वाटल्यानेच अक्षय राहतो. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या लेखी आशीर्वाद म्हणजे दुःखापासून सुटका नव्हे. स्वतःच्या दुःखातून दुसऱ्यास मिळालेला आसरा होय.