युगोस्लाव्हिया ‘जुन्या वैरा’मुळे फुटला का?

मराठी वाचकाच्या मनात युगोस्लाव्हियाची दोन चित्रे असतात. एक, नेहरू आणि नासर यांच्या शेजारी बसलेले मार्शल टिटो. दुसरे, १९९२ नंतरचे वेढ्यात सापडलेले साराजेव्हो. या दोहोंच्या मधल्या काळात तिथे काय घडले हे आपल्याकडे फारसे लिहिले गेले नाही, आणि म्हणून ‘ते लोक मुळातच एकमेकांच्या जिवावर उठलेले होते’ हे सोपे उत्तर रुजले. ते चुकीचे तर आहेच, शिवाय त्या युद्धात ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

साम्यवादी युगोस्लाव्हियात सहा प्रजासत्ताके होती: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, मॉन्टेनेग्रो आणि मॅसिडोनिया. सर्बियाच्या अंतर्गत व्होय्वोदिना आणि कोसोव्हो हे दोन स्वायत्त प्रांत होते. पुढचे सारे समजायला एवढा नकाशा पुरेसा आहे.

गैरसमज: सर्ब आणि क्रोएट शतकानुशतकांचे वैरी

१९१८ पर्यंत या दोघांचे मिळून एक राज्यच नव्हते. क्रोएशिया हाब्सबर्ग साम्राज्यात होता, सर्बिया आधी ऑटोमन सत्तेखाली आणि नंतर स्वतंत्र. हाब्सबर्गांच्या सरहद्दीवरील लष्करी पट्ट्यात सर्ब आणि क्रोएट शेतकरी एकाच सैन्यात चाकरी करत. १९०५ मध्ये झाग्रेबमध्ये क्रोएट आणि सर्ब पक्षांनी आघाडी केली आणि पुढच्याच वर्षी निवडणूकही जिंकली.

कटुता आली ती एका राज्यात आल्यानंतर. १९२८ मध्ये बेलग्रेडच्या संसदेत एका सदस्याने क्रोएट नेते स्त्येपान रादिच यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात त्यांचा अंत झाला. १९४१ मध्ये हिटलर-मुसोलिनींच्या आश्रयाने क्रोएशियात उस्ताशा या क्रोएट फॅसिस्ट संघटनेची राजवट आली. तिने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली. दुसरीकडे चेतनिक या सर्ब सशस्त्र गटांनी मुस्लिम आणि क्रोएट गावे जाळली. हे सारे घडले आहे आणि ते कमी लेखू नये. मात्र ते विसाव्या शतकातले, युद्धाच्या चार वर्षांतले आहे. युद्धानंतर आलेल्या टिटोंच्या राजवटीने या हत्यांना ‘फॅसिस्ट आणि त्यांचे हस्तक’ एवढ्याच चौकटीत बसवले. कोणी कोणाला मारले यावर मोकळेपणाने बोलण्याची मुभा नव्हती. माझ्या मते त्या राजवटीची ही सर्वांत महागात पडलेली चूक होती, कारण १९८० च्या दशकात मृतांच्या आकड्यांचा वाद प्रचारकांच्या हाती आयता लागला.

गैरसमज: टिटो असेपर्यंत सगळे शांत होते

शांत मुळीच नव्हते. १९६६ मध्ये गुप्त पोलिसांवर पकड असलेले अलेक्झांडर रांकोविच पदच्युत झाले आणि कोसोव्होतील अल्बेनियन लोकांवर झालेल्या अत्याचारांची कबुली पक्षालाच द्यावी लागली. १९६७ मध्ये क्रोएट लेखक आणि संस्थांनी आपल्या भाषेच्या स्थानासाठी जाहीरनामा काढला. १९६८ मध्ये कोसोव्होत निदर्शने झाली. १९६९ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून रस्ते कुठे बांधायचे यावरून स्लोव्हेनिया आणि केंद्र सरकार यांच्यात जाहीर खडाजंगी झाली.

मग आले १९७१. क्रोएशियातील कम्युनिस्ट नेत्या साव्का दाब्चेविच-कुचार आणि त्यांचे सहकारी मिको त्रिपालो यांची मुख्य तक्रार पैशाची होती. एड्रियाटिक किनाऱ्यावर येणारे पर्यटक आणि जर्मनीत राबणारे कामगार क्रोएशियाला परकीय चलन मिळवून देत. पण त्यातला मोठा हिस्सा बेलग्रेडच्या बँकांकडे आणि केंद्राकडे जाई. ही मागणी कोणत्याही संघराज्यात उठते, आणि वित्त आयोगापुढे किंवा निवडणुकीत तिचा निकाल लागू शकतो. तिथे निवडणुकीला अर्थच नव्हता. त्यामुळे चलनाच्या मागणीला ध्वज, भाषा आणि सैन्याचे प्रश्न येऊन चिकटले, झाग्रेबचे विद्यार्थी संपावर गेले, आणि डिसेंबर १९७१ मध्ये टिटोंनी त्या नेतृत्वाला घरी बसवले. पुढच्या वर्षी सर्बियातील मार्को निकेझिच आणि लातिन्का पेरोविच या उदारमतवादी नेत्यांचीही तीच गत झाली. सर्ब राष्ट्रवादाला विरोध करणारी ही माणसे होती. ती गेली आणि मागे आज्ञाधारक मंडळी उरली.

गैरसमज: रशियाचा गट कोसळला म्हणून हाही कोसळला

स्टालिनशी टिटोंचे १९४८ मध्येच फाटले होते. युगोस्लाव्हिया वॉर्सा करारात कधी नव्हता, आणि त्याचे नागरिक पश्चिम युरोपात मोकळेपणाने कामाला जात.

गैरसमज: तिथे सर्बांचे राज्य होते

टिटोंचे वडील क्रोएट, आई स्लोव्हेन. १९७४ च्या राज्यघटनेमागचे मुख्य विचारवंत एडवर्ड कार्डेल हे स्लोव्हेन. मात्र लष्कराच्या अधिकारीवर्गात सर्बांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त होते, हेही खरे. म्हणजे इतरांची तक्रार निराधार नव्हती, आणि सर्बांची स्वतःची तक्रारही होती: १९७४ च्या घटनेने कोसोव्हो आणि व्होय्वोदिना यांना सर्बियाच्या कारभारात मत दिले, तर सर्बियाला त्यांच्या कारभारात फारसे स्थान ठेवले नाही.

कोसोव्होचे दुखणे वेगळे होते. १९८१ च्या जनगणनेत देशभरात अल्बेनियन लोक सुमारे १७ लाख होते, तर मॉन्टेनेग्रिन सुमारे ५ लाख ८० हजार. तरी मॉन्टेनेग्रोला प्रजासत्ताक होते आणि कोसोव्होला नव्हते. अल्बेनियन लोकांचे राष्ट्र सीमेपलीकडे आहे, म्हणून त्यांचा दर्जा वेगळा, अशी अधिकृत मांडणी होती. कोसोव्हो देशातला सर्वांत गरीब भाग होता. मार्च १९८१ मध्ये प्रिस्टिना विद्यापीठातल्या खाणावळीतील निकृष्ट जेवणावरून सुरू झालेले आंदोलन काही आठवड्यांत प्रजासत्ताकाच्या मागणीपर्यंत पोहोचले. उत्तरादाखल लष्कर रस्त्यावर आले.

गैरसमज: जास्त स्वायत्तता दिली म्हणून देश फुटला

१९७४ ची घटना किचकट होती: ४०६ कलमे, आणि जवळपास प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी सर्व घटकांची संमती. पण दोष स्वायत्ततेत नव्हता. सत्ता आठ पक्षसमित्यांमध्ये वाटली गेली, नागरिकांपर्यंत ती पोहोचलीच नाही. झाग्रेबचा आणि बेलग्रेडचा कामगार मिळून एक विरोधी पक्ष काढू शकत नव्हते. असंतोष मांडायची एकमेव परवानगी असलेली जागा म्हणजे आपले प्रजासत्ताक, त्यामुळे प्रत्येक आर्थिक भांडण आपोआप राष्ट्रांचे भांडण बनले.

आणि आर्थिक भांडणे कमी नव्हती. १९८० च्या दशकात परकीय कर्ज सुमारे २० अब्ज डॉलरवर गेले. पेट्रोल आणि कॉफीचा तुटवडा झाला. १९८९ मध्ये महागाईचा वार्षिक दर एक हजार टक्क्यांच्या पुढे गेला. जेमतेम ८ टक्के लोकसंख्येचा स्लोव्हेनिया म्हणत होता, आमच्या पैशावर बाकीचे जगतात. कोसोव्हो म्हणत होता, आमचा कच्चा माल स्वस्तात नेला जातो.

या कोंडीत १९८७ मध्ये सर्बियाच्या पक्षयंत्रणेवर स्लोबोदान मिलोसेविच यांनी कब्जा केला. त्यांनी मोर्चे आणि दूरचित्रवाणी वापरून व्होय्वोदिना आणि मॉन्टेनेग्रोची नेतृत्वे बदलली, मार्च १९८९ मध्ये कोसोव्होची स्वायत्तता छाटली. प्रजासत्ताके आणि प्रांत यांच्या आठ प्रतिनिधींच्या केंद्रीय अध्यक्षमंडळात आता चार मते त्यांची होती. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया घाबरले ते या हिशेबाने. जानेवारी १९९० मध्ये पक्षाच्या चौदाव्या अधिवेशनातून स्लोव्हेन प्रतिनिधी उठून गेले, त्यांच्यामागून क्रोएटही. देशभर पसरलेला एकमेव पक्ष तिथेच संपला.

गैरसमज: लोकांनाच एकत्र राहायचे नव्हते

१९८१ मध्ये १२ लाखांहून अधिक लोकांनी जनगणनेत आपली ओळख केवळ ‘युगोस्लाव्ह’ अशी नोंदवली होती. एप्रिल १९९२ मध्येही साराजेव्होत हजारो सर्ब, क्रोएट आणि मुस्लिम युद्धाविरुद्ध एकत्र रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. पंतप्रधान आन्ते मार्कोविच यांनी महागाई आटोक्यात आणली तेव्हा त्यांना सर्व प्रजासत्ताकांत पाठिंबा होता. १९९० मध्ये एप्रिल ते डिसेंबर या काळात सहाही प्रजासत्ताकांत बहुपक्षीय निवडणुका झाल्या. संपूर्ण देशाच्या संसदेसाठीही अशी निवडणूक व्हावी असे मार्कोविच यांना वाटत होते. ती कधीच झाली नाही.