आवाज गेला की पॅनेल बदलले?

वर्गात मुले बसलेली आहेत, ऐकवावयाचा मराठी धडा तयार आहे, आणि संगणकातून आवाजच निघत नाही! आम्हां शिक्षकांना हा प्रसंग नवा नाही. संगणक बिघडलेला नसतो. पुष्कळदा रात्रीतून ध्वनीचा ड्रायव्हर तेवढा अद्ययावत झालेला असतो.

ड्रायव्हर म्हणजे ध्वनियंत्र आणि संगणक यांच्यामधील दुभाषी. तो सांगेल तेवढेच ध्वनीच्या पॅनेलवर दिसते. दुभाषी बदलला की काही बटणे जातात, काही नवी येतात. कधी आवाज स्पीकर सोडून मॉनिटरकडे वळतो, तर कधी आपण ठरवलेली मापे पुसली जातात.

या मापांत नेदरलँड्सचा एक ठसा आहे. विंडोजच्या यादीत ‘१६ बिट, ४४१०० हर्ट्झ’ या मापापुढे ‘सीडी क्वालिटी’ असे लिहिलेले असते. आइंडहोव्हन येथे १८९१ साली स्थापन झालेल्या फिलिप्सने जपानच्या सोनीबरोबर हे माप सीडीसाठी ठरविले. १९८२ साली सीडी बाजारात आली. तेव्हापासून पॅनेले कितीतरी बदलली. सीडीचे माप टिकले, कारण ते दोघांनी मिळून लिहून ठेवले होते.

आपणही तेच करावे. चालू मापे वहीत टिपून ठेवावीत. आवाज गेल्यास प्रथम पॅनेलवर कोणते यंत्र निवडले आहे ते पाहावे; तेवढ्याने न भागल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणावा. वहीतील दोन ओळींनी मुलांचा धडा वाचतो.