गाणं कुणाचं, शूटिंग कुणाचं

पहाटे 5.30. परभणीत वसमत रोडवरच्या स्टुडिओचं शटर वर जातं. दोन कॅमेरे, ड्रोन, ट्रायपॉड, चार्ज झालेल्या बॅटऱ्या. सगळं मोजून बॅगेत. मदतनीस पोरगा जांभया देत मोटारसायकलला बॅग बांधतो. त्याची हजेरी 700 रुपये, जेवण लग्नात.

8.45. जिंतूर तालुक्यातलं बोरी. चहाबरोबर नवरीचे वडील विचारतात, "लाइव्ह दिसंल ना? भाऊ दुबईला हाय माझा."

"दिसंल काका. पण डीजेचा आवाज जाणार नाही."

10.30. परण्या निघतो. घोड्यावर नवरदेव, मागे डीजे, सिनेमाचं गाणं. लग्नाच्या मिरवणुकीत गाणं वाजवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यानंच सूट दिलीय, कलम 52. तेच गाणं यूट्यूबवर गेलं की ही सूट पुरत नाही. मागे एका लग्नात लाइव्ह मधेच तुटलं, पडद्यावर नुसतं एक चित्र उरलं. तेव्हापासून मिरवणुकीत स्टुडिओवाला माइकची वायर उपसूनच ठेवतो. दुबईहून फोन येतोच : आवाज का येईना?

12.35. अक्षता. मंगलाष्टका भटजी स्वतः म्हणतात. वायर परत लागते.

संध्याकाळी 6. कार्डं कॉम्प्युटरवर उतरतात. दुसऱ्या एका नवरदेवाला सुरुवातीला मोठ्या फिल्म कंपनीचा लोगो हवाय. "ट्रेडमार्क असतो तो, नाही टाकत." पेनड्राइव्हमध्ये गाजलेलं गाणं मात्र जातं. सगळेच टाकतात. तेही कायद्याला धरून नाही, हे त्याला ठाऊक आहे. गुन्हा सिद्ध झाला तर 6 महिने ते 3 वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख दंड. यूट्यूबसाठी वेगळी प्रत निघते, परवाना घेतलेल्या सनईची. 90 दिवसांत तीन स्ट्राइक पडले तर चॅनेलच जातं, आणि निम्मं गिऱ्हाईक ते चॅनेल बघूनच येतं.

रात्री 9.40. पोरगा मोबाइल पुढे करतो. इन्स्टाग्रामवर त्यांचाच ड्रोन शॉट, गंगाखेडच्या लग्नातला, गोदावरीवरून फिरलेला. कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव झाकून तिथे दुसऱ्याचं.

"रिपोर्ट मारा की, दादा."

फॉर्म उघडतो. हक्क कुणाचा, असं तिथे विचारलंय. बोट थांबतं. कलम 17 सांगतं : पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा फिल्म, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची. ड्रोन याचा, उन्हात उभं राहणं याचं, शॉट नवरीच्या बापाचा. पावतीवर फक्त ॲडव्हान्स आणि बाकी लिहिलेलं.

गंगाखेडला फोन लागतो. "काका, तक्रार तुमच्या नावानं करावी लागंल." काका विचारतात, खर्च किती येईल? काही नाही म्हटल्यावर तयार होतात.

10.15. छापखान्याला व्हॉट्सॲप. नव्या पावतीबुकात एक ओळ वाढवायची : चित्रीकरणाचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, घरच्यांना वापरायला मुभा, खाली दोघांच्या सह्या. जुनं बुक अर्धं शिल्लक आहे. त्यासाठी रबरी शिक्का, 150 रुपये.